जुन्या इटालियन स्पोर्ट्स कूपेंचं, म्हणजे त्या दोन दारांच्या गाड्यांचं, लोकांना एवढं वेड का? आजची साधी हॅचबॅकही त्यांतल्या अनेकींपेक्षा जोरात पळते.

पळते, खरंय. पण पळण्यासाठी कुणी घेतच नाही त्या.

फेरारीत मी कधी बसलेलो नाही. कामानिमित्त इटलीत तोरिनोला (ट्युरिनला) होतो तेव्हा एका सहकाऱ्याने रविवारी त्याची फुल्व्हिया कूपे, लान्चा या इटालियन कंपनीची, चालवायला दिली, तेवढ्या भांडवलावर हे उत्तर. आपल्याकडे इटालियन गाडी म्हणजे कुर्ल्यात बनलेली पद्मिनी. आमच्या घरीही होती, त्यामुळे माझी अपेक्षा बेताचीच!

आत बसल्यावर आधी जाणवतात त्या काचा. छताचे खांब इतके बारीक, की चहूकडचा रस्ता दिसतो. पिएरो कास्तान्येरोने ही गाडी लान्चातच आखली, 1965 साली बाजारात आली. पण खरी मजा बॉनेटखाली. सिलिंडर चारच, तेही व्ही आकारात, मात्र दोन रांगांमधला कोन जेमतेम 13 अंशांचा. दोन्ही रांगा इतक्या चिकटून, की वर एकच सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, पुरतं. हे अख्खं इंजिन 45 अंशांत कलतं बसवलेलं, ताकद पुढच्या चाकांना, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. 1298 सीसीच्या गाडीसाठी एवढा खटाटोप! हिशेबनिसाला कुणी विचारलंच नसावं. माझ्या मते ओढ आहे ती याचीच. पद्मिनीचं स्टिअरिंग आधी चार बोटं फिरवायचं, मग गाडी ऐकायची. इथे वळणावर पुढची चाकं काय करताहेत ते तळहाताला कळत होतं.

हा हट्ट लान्चाला महागात पडला. कंपनी कर्जात गेली आणि 1969 मध्ये फियाटने ती ताब्यात घेतली. गंमत म्हणजे त्यानंतर, 1972 साली, इटालियन रॅलीचालक सान्द्रो मुनारीने याच गाडीच्या 1.6 लिटर इंजिनाच्या एचएफ अवतारात माँटे कार्लो रॅली जिंकली. समोर पोर्शे 911 आणि फ्रेंच आल्पिन होत्या, दोन्ही मागे इंजिन असलेल्या. उत्पादन पुढे 1976 पर्यंत चाललं.

युरोपात राहत असाल आणि घ्यायचं मनात असेल, तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा, बॉडीला जोडलेली असते तिथे गंज धरतो. माझ्या सहकाऱ्याचे दोन हिवाळे त्या एका कामात गेले, आणि तिसऱ्यात त्याने दुसरी फुल्व्हिया आणली, सुट्या भागांसाठी.