कानातलं यंत्र ओढून काढतो

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. बेरा या ऐकण्याच्या चाचणीत दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं असं निघालं. श्रवणयंत्र लावलं की ओढून काढतो. सासूबाई म्हणतात, खुणा शिकवल्या तर बोलणारच नाही. कोणाशी बोलू? – एक आई, तासगाव

उत्तर : ताई, माझी लेक जन्मतः बहिरी, आता कॉलेजात जाते. आधी यंत्राचा साचा, म्हणजे कानात बसतो तो भाग, बघा. या वयात कान भराभर वाढतो, साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं. टोचत असेल तर कान लाल दिसेल. नव्याने माप द्या. यंत्राला दोरी बांधून ती पिनेने सदऱ्याला पाठीमागे अडकवा, हे मला विट्याच्या एका आईने सांगलीत तपासणीच्या रांगेत दाखवलं. अशा आयांचे नंबर घ्या, त्यांना घरी बोलवा. सासूबाईंनाही त्यांची मुलं बघू द्या.

खुणांमुळे बोलणं अडत नाही, उलट मुलाची चिडचिड कमी होते. खुशाल शिकवा. आणि एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला) ५ वर्षांची वयोमर्यादा आहे, तेव्हा डॉक्टरांना याच महिन्यात विचारा.