ओटीपी घरच्या सिमवर, इंटरनेट तिथलं: परदेशप्रवासातल्या फोनविषयी तुमचे प्रश्न

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की परदेशात फोन कसा चालवायचा, याबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांना पॅक कोणता घ्यावा हे विचारायचं असतं. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या फोनची परदेशात दोन वेगळी कामं असतात. बँकेला, यूपीआयला आणि व्हॉट्सॲपला आपली ओळख पटवणं हे एक काम आणि इंटरनेट देणं हे दुसरं. दोन्ही एकाच सिमवर टाकली की एक तर बिल फुगतं, नाहीतर ओटीपी अडकतो.

आम्ही दोघं बारा दिवसांच्या युरोप टूरला जातोय. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली. रोमिंग पॅक घ्यावा, तिथलं सिम घ्यावं की ई-सिम? — एक वाचक, पुणे

ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी थेट फोनमध्येच टाकून घ्यायचं सिम. दोघांचेही फोन ते चालणारे असतील तर मी ई-सिमच सुचवेन. भारतातलं सिम फोनमध्ये तसंच ठेवायचं, त्याचा डेटा बंद करायचा आणि इंटरनेटसाठी प्रवासी ई-सिम घ्यायचं. बहुतेक प्रवासी ई-सिममध्ये फक्त डेटा असतो. त्यावर साधा फोन नंबर मिळत नाही, पण व्हॉट्सॲप कॉल चालतात आणि टूरवर तेवढं पुरतं.

तुमच्या टूरमध्ये एक खाचखळगा मात्र आहे, तो म्हणजे स्वित्झर्लंड. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतलं जादा रोमिंग शुल्क काढून टाकलं आणि ही सवलत पुढे २०३२ पर्यंत वाढवली. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोममध्येही त्याच दरात चालतं. पण स्वित्झर्लंड या संघात नाही. तिथे हा नियम लागू नाही, आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनलाही नाही. काही कंपन्या आपणहून या दोन देशांचा समावेश करतात, काही करत नाहीत. आपल्याकडच्या टूरमध्ये टिटलिस किंवा युंगफ्राऊ हमखास असतं आणि नेमकं तिथेच बर्फातले फोटो पाठवायचे असतात. तेव्हा पाकिटावर किंवा ॲपमध्ये ‘युरोप’ एवढंच वाचून थांबू नका. देशांची यादी उघडा आणि स्वित्झर्लंडचं नाव डोळ्यांनी बघा.

ई-सिम घरीच, वायफायवर असताना टाकून घ्या. त्याचा क्यूआर कोड स्कॅन करायला इंटरनेट लागतं आणि कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर असावा लागतो. विमानतळावर उतरल्यावर दोन्ही गोष्टींची पंचाईत होते. एकदा टाकलेलं ई-सिम गोंधळून पुसू नका, कारण बहुतेक कोड एकदाच चालतात.

उतरल्यावर सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. मोबाइल डेटासाठी नवीन ई-सिम निवडलेलं हवं. त्या ई-सिमचं ‘डेटा रोमिंग’ चालू हवं आणि भारतातल्या सिमचं बंद. पुष्कळ जण घाबरून दोन्हीकडचं रोमिंग बंद करतात आणि मग ई-सिम चालत नाही म्हणून वैतागतात. प्रवासी ई-सिम हे मुळात दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या कंपनीचं असतं, त्यामुळे ते रोमिंगवरच चालतं. आयफोनमध्ये गरजेप्रमाणे डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर नेणारी एक सोय असते, तीही बंद ठेवा. नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतातल्या सिमचा डेटा वापरू लागतो.

रोमिंग पॅकही वाईट नसतो. चार-पाच दिवसांचा प्रवास असेल, ऑफिसचे कॉल त्याच नंबरवर यायचे असतील किंवा फोनमध्ये ई-सिम नसेल, तर सरळ पॅक घ्या. घेताना इतकंच विचारा की मुदत रिचार्ज केल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, आणि तिन्ही देश त्यात आहेत का.

काहीही घेतलं तरी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप ‘फक्त वायफायवर’ करा आणि व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा. घरच्या ग्रुपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंसाठी युरोपातला डेटा खर्च होणं मला खरंच पटत नाही.

आई-बाबा पाच महिन्यांसाठी न्यू जर्सीला माझ्याकडे येताहेत. बाबांचं पेन्शन, बँक, सगळं त्यांच्या प्रीपेड नंबरला जोडलेलं आहे. नंबर बंद पडला तर? — एक वाचक, मूळ सातारा

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या माणसांचा नंबर बंद पडला की त्यांना स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचता येत नाही आणि सातासमुद्रापलीकडून ते निस्तरणं फार कठीण जातं.

निघण्याआधी वर्षभराचा रिचार्ज करा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती केल्यानंतर कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यावे लागले. बाबांच्या नंबरला असा लांब मुदतीचा प्लॅन पुरे, डेटाचे पैसे कशाला भरायचे? रिचार्जची मुदत संपली की आधी ओटीपी येणं थांबतं. नंबर हातचा जाणं ही त्यापुढची पायरी. त्यामुळे ‘वीस रुपये शिल्लक ठेवली की नंबर टिकतो’ एवढ्यावर विसंबू नका. त्याने नंबर टिकेल, पण एसएमएस येतीलच असं नाही.

दुसरं काम आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घेण्याचं. काही प्लॅनमध्ये त्यासाठी वेगळा छोटा रिचार्ज लागतो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या साधारणतः पैसे आकारत नाहीत, तरी कस्टमर केअरकडून एकदा खात्री करा. येणारा कॉल उचलला तर मात्र पैसे पडतात. म्हणून गावाकडच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सॲपवरच फोन करा.

तिसरी गोष्ट बाबांच्या फोनची. तो जुना बटणांचा असेल तर तो अमेरिकेत चालेल हे गृहीत धरू नका. अशा फोनना लागणारं थ्रीजी नेटवर्क तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये बंद केलं. दोन सिमचा, फोरजी व्होल्टी (म्हणजे फोरजीवरूनच साधे कॉल करण्याची सोय) असलेला साधा स्मार्टफोन घ्या. एका खणात भारतातलं सिम ठेवा आणि दुसऱ्यात तुमच्या फॅमिली प्लॅनमध्ये वाढवून घेतलेली लाइन. फोन निघण्याच्या पुरेसा आधी घ्या, म्हणजे बँकेचं ॲप आणि यूपीआय भारतात बसूनच नव्या फोनवर सुरू करता येईल. यूपीआयला नोंदणीच्या वेळी त्याच सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो आणि तो परदेशातून जाताना पुष्कळदा अडतो.

भारतातलं सिम शक्यतो प्लास्टिकचंच राहू द्या. फोन बिघडला तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. भारतातलं सिम ई-सिमवर असेल आणि फोनच गेला, तर ते परत मिळवण्यासाठी अनेकदा त्याच नंबरवरचा ओटीपी लागतो. सिम बदलायचंच असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी बदला, कारण बदललेल्या सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात.

नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारेल. ‘नाही’ म्हणा. भारतातलं सिम काढून डब्यातही ठेवू नका. मेसेजिंग ॲप फोनमधल्या चालू सिमशी बांधलेलं असावं, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे.

आणि तुम्ही त्यांना नायगाराला नेणारच. तिथे अमेरिकेच्या काठावर उभं असतानाही फोन पलीकडच्या कॅनडाच्या टॉवरला जोडला जातो. तेवढा वेळ डेटा रोमिंग बंद ठेवा किंवा नेटवर्क हाताने निवडा.

माझ्या फोनमध्ये ई-सिम चालतं का, हे कसं कळेल? — एक वाचक, नांदेड

स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा. आयएमईआयबरोबर (हा फोनचा ओळख क्रमांक) ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक आकडा दिसला तर चालतं. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ती बऱ्याचदा नसते. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर उलटी अडचण येते. तिथल्या मॉडेलला सिमचा खणच नसतो, त्यामुळे भारतातला नंबरही ई-सिमवरच घ्यावा लागतो.

दुबईत मुलाला व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. फोन बिघडलाय का? — एक वाचक, रत्नागिरी

फोन ठीक आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप आणि फेसटाइमचे व्हॉइस-व्हिडिओ कॉल बंद आहेत. मेसेज, फोटो आणि व्हॉइस नोट चालतात. तिथे परवानगी असलेली ॲप वापरा: बोटिम, झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स. आईला दर रविवारी मीटची लिंक पाठवून ठेवली की तिचं काम एका बोटाने होतं.

‘व्हीपीएन टाक, लागतं’ असा सल्ला तिथले मित्र सर्रास देतात. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणाहून फिरवून आणणारं ॲप. मी देणार नाही. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास तिथल्या कायद्यात ५ लाख दिऱ्हामपासून पुढे दंड आहे. नोकरीसाठी गेलेल्या मुलाने ही जोखीम घेऊ नये.

चीनला जाणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथल्या स्थानिक सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब उघडत नाही. भारतातल्या सिमच्या रोमिंगवर मात्र उघडतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. चीनसाठी म्हणूनच मी रोमिंग पॅक सुचवते.

परदेशात गूगल पे, फोनपे चालेल का? — एक वाचक, डोंबिवली

काही देशांत, काही दुकानांत. भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती, मॉरिशस, श्रीलंका इथे यूपीआय पोहोचलं आहे आणि फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून सुरुवात झाली. ॲपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ आधी चालू करावं लागतं. त्यावर अख्खा प्रवास बेतू नका. कार्ड जवळ ठेवा आणि त्याचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर तो आधीपासून बंद असतो.

अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, कतार यांसारख्या दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना तिथल्या नंबरवरही यूपीआय वापरण्याची परवानगी २०२३ मध्ये मिळाली. त्यासाठी एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं लागतं आणि आपल्या बँकेने ही सोय दिलेली असावी लागते.

सिंगापूरच्या क्रूझवरून आल्यावर हजारो रुपयांचं बिल आलं. पॅक तर घेतला होता! — एक वाचक, नागपूर

तुमचा पॅक सिंगापूरचा होता. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाच्या स्वतःच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो. ते कुठल्याच देशात मोडत नाही आणि त्याचे दर जबर असतात. विमानातही हेच होतं. काही पॅकमध्ये विमान आणि क्रूझची सोय असते, पण ती वेगळी लिहिलेली असते. जहाज सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि लागलं तर फक्त वायफाय चालू करा. बिलाबद्दल कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि खर्चमर्यादेच्या सूचनेचा एसएमएस तुम्हाला आला होता का, हे त्यात विचारा.

पॉवर बँक कुठल्या बॅगेत ठेवावी? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

हातातल्या बॅगेतच. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचची. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली आहे, म्हणून फोन विमानतळावरच पूर्ण चार्ज करा. पिनांचं सांगायचं तर ब्रिटन, सिंगापूर आणि दुबईत चौकोनी तीन पिना, अमेरिका आणि जपानमध्ये चपट्या.

फोन परदेशात चोरीला गेला तर? — एक वाचक, कोल्हापूर

तयारी निघण्याआधीची. बँकेचा १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर अधिक ९१ ने सुरू होणारा नंबर असतो, तो कागदावर लिहा आणि सोबतच्या माणसाकडेही द्या. आयएमईआय आणि विम्याचा पॉलिसी क्रमांकही त्याच कागदावर असू द्या. फोनमधले घरचे सगळे नंबर अधिक ९१ लावून सेव्ह करा, म्हणजे कुठूनही लागतील. सिमलाही पिन लावा. स्क्रीनला कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात.

चोरी झालीच तर क्रम असा ठेवा: आधी सिम बंद, मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद, मग दुसऱ्या फोनवरून गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन फोन लॉक. पोलिसांत तक्रार त्यानंतर, पण शक्यतो त्याच दिवशी करा, कारण विम्याच्या दाव्याला त्या तक्रारीची प्रत लागते. युरोपीय संघात तातडीच्या मदतीसाठी कुठूनही ११२ लागतो.