लेनिनची पत्नी यापलीकडे क्रुप्स्काया यांचं स्वतःचं काम काय होतं?

माझ्या मते त्या आधी शिक्षिका, मग क्रांतिकारक, पत्नी त्यानंतर. लेनिनची ओळख झाली १८९४ साली. त्याआधीच, १८९१ पासून, नादेझ्दा क्रुप्स्काया सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यांच्या वस्तीत, कामगारांच्या रात्रशाळेत शिकवत होत्या.

या शाळेबद्दल त्यांनी आठवणींत भरभरून लिहिलंय. वर्गात काहीही बोला. फक्त झारशाही, संप, क्रांती हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. एकदा इन्स्पेक्टर आला. परवानगी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्याचीच, आणि इथे चक्क अपूर्णांक चाललेले! त्याने तो वर्गच बंद करून टाकला. त्यांचा एक विद्यार्थी बोलताना 'श्रमाची तीव्रता' म्हणाला, तर त्याची रवानगी थेट गावी. अपूर्णांकांना घाबरणारं सरकार फार काळ टिकणार नव्हतंच म्हणा.

१८९६ मध्ये अटक, मग हद्दपारी. लेनिनशी लग्न झालं ते १८९८ मध्ये, सायबेरियातल्या शुशेन्स्कोये गावात. अंगठ्या तांब्याच्या नाण्यांच्या. सोबतच्या एका हद्दपार कामगाराने घडवलेल्या. पुढे परदेशात 'इस्क्रा' या रशियन मार्क्सवादी पक्षाच्या वृत्तपत्राचा गुप्त पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता. अदृश्य शाईने लिहिलेले कागद ऊब देऊन वाचायचे, उत्तरं सांकेतिक लिपीत धाडायची. पक्षाचे धागे जोडून ठेवणारं हे किचकट काम होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं.

१९१७ नंतर त्या शिक्षण खात्यात गेल्या. ८ ते ५० वयाच्या प्रत्येक निरक्षराने लिहावाचायला शिकलंच पाहिजे, असा हुकूम १९१९ च्या डिसेंबरात निघाला. त्या साक्षरता मोहिमेच्या त्या एक मुख्य आधार होत्या. लेनिन गेल्यावर त्यांनी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात लिहिलं की स्मारकं उभारू नका, पाळणाघरं, शाळा, वाचनालयं, दवाखाने बांधा. कोणी ऐकलं नाही. १९२५ मध्ये त्या स्टालिनविरोधी गटाबरोबर उभ्या राहिल्या, पण लवकरच माघार घेतली. १९२९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, उपशिक्षणमंत्रीपद होतं. शब्दाला वजन फारसं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. सामान्य वाचनालयांतून 'अयोग्य' पुस्तकं काढण्याच्या परिपत्रकांमागेही याच बाई होत्या. वगळायच्या यादीत प्लेटो, कांट, टॉलस्टॉयचं काही लेखन! लेखक गॉर्की प्रचंड भडकले होते. १९२८ मध्ये तर बालकवी चुकोव्स्कींच्या मगरीवरच्या बालकवितेवर त्यांनी 'प्रावदा'त लेख लिहिला: मुलांच्या हाती हे देऊ नये.