जी नाणी हातात नाहीत, त्यांच्यासाठी वॉलेट

प्रश्न : गेल्या वर्षापासून मी क्रिप्टोचलनात पैसे गुंतवत आहे. बहुतांश बिटकॉइन एका कंपनीच्या ॲपवर बारा महिन्यांच्या ‘स्टेकिंग योजने’त आहे. त्यावर दरमहा दीड टक्का मिळतो आणि आठ महिने पूर्ण झाले आहेत. थोडे चलन मोबाइलमधील वॉलेटमध्ये, तर थोडे एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारमंचावर) आहे. योजना सुचवणाऱ्या मार्गदर्शकांनीच मोबाइलमधील वॉलेट उघडून दिले आणि माझ्याकडून हरवू नयेत म्हणून ते पुन्हा उघडण्याचे बारा शब्द त्यांच्याकडेही लिहून ठेवले आहेत. आता ते मला एक हार्डवेअर वॉलेट (मोबाइलपासून वेगळे, छोटे उपकरण) पूर्ण तयार करून सवलतीत देणार आहेत. योजनेच्या अटींत ‘कंपनी हे चलन वापरू, उसने देऊ किंवा तारण ठेवू शकते’ असे वाक्य आहे. ते नेहमीचेच असावे. दोन वर्षांत रक्कम दुप्पट होईल, असे धरले आहे. नवख्या माणसाने मोबाइलमधील वॉलेट ठेवावे की हार्डवेअर वॉलेट घ्यावे? घरी अद्याप कोणाला कल्पना दिलेली नाही.

उत्तर : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. हार्डवेअर वॉलेट घ्यावे, मात्र ते या मार्गदर्शकांकडून घेऊ नये. त्याचा तपशील पुढे देतो. परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत मोठा धोका वॉलेटच्या निवडीत नाही, म्हणून आधी त्याकडे वळतो.

तुमचे आकडे येथे जसेच्या तसे न देता एकूण बचत १०० धरून प्रमाण मांडतो. योजनेत ४५, मोबाइलमधील वॉलेटमध्ये १०, एक्स्चेंजवर ५, निवृत्तीपर्यंत काढता न येणारी रक्कम ३० आणि बँकेत १०. घरखर्च दरमहा ४. तुम्ही योजनेतील रक्कम ५० लिहिली आहे, कारण आठ महिन्यांचे व्याज तुम्ही त्यात मिळवले आहे. ते व्याज हातात पडेपर्यंत मी त्याला बचत म्हणणार नाही. म्हणजे क्रिप्टोच्या नावाखाली तुमच्याकडे ६० आहे, आणि त्यातील ४५ कोणत्याही वॉलेटमध्ये ठेवता येणार नाही, कारण ती नाणी आज तुमच्या ताब्यातच नाहीत.

बिटकॉइन कोणत्याही उपकरणात साठवलेले नसते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची नोंद जगभर पसरलेल्या एका सामायिक खातेवहीत असते आणि ती नोंद हलवण्याचा अधिकार खासगी चावी नावाच्या एका गुप्त संख्येमुळे मिळतो. वॉलेट ही चावी सांभाळते, इतकेच. योजनेतील नाण्यांची चावी कंपनीकडे आहे. तुमच्या ॲपवर दिसतो तो कंपनीने तुमच्या नावे मांडलेला आकडा, आणि ज्या वाक्याला तुम्ही ‘नेहमीचेच’ म्हणता, त्याच वाक्याने तुम्ही ठेवीदार न राहता कंपनीचे सावकार झाला आहात. वापरण्याचा, उसने देण्याचा आणि तारण ठेवण्याचा अधिकार दिल्यावर मागे उरते ती परतफेडीची मागणी, तीही विनातारण. ज्याला कर्ज दिले त्याचा ताळेबंद तुम्ही पाहिलेला नाही, असे पत्रावरून दिसते.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. सेल्सियस ही कंपनी ग्राहकांच्या क्रिप्टोवर वर्षाला १७ टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर करीत असे. जून २०२२ मध्ये तिने पैसे काढणे थांबवले, जुलैमध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने निर्णय दिला की सुमारे ६ लाख व्याजी खात्यांमधील ४०० कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे चलन ग्राहकांचे नसून कंपनीचे आहे, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत मालकी कंपनीला दिलेली होती. त्याच कंपनीकडे व्याज न घेता केवळ सांभाळण्यासाठी ठेवलेल्या चलनाचा विचार न्यायालयाने वेगळा केला. एकच ॲप, पडद्यावर सारखेच दिसणारे आकडे, आणि हक्कात जमीन-अस्मानाचे अंतर. संस्थापकाला मे २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, परंतु त्या शिक्षेने कोणाची नाणी परत आली नाहीत.

‘स्टेकिंग’ या शब्दाचा येथे झालेला वापर मला विशेष खटकतो. इथेरियमसारख्या काही चलनांच्या संगणक-जाळ्यांत व्यवहारांची पडताळणी करण्यासाठी चलन अडकवून ठेवावे लागते आणि त्याचा मोबदला जाळेच देते; इथेरियमवर तो अलीकडे वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. बिटकॉइनचे जाळे त्या पद्धतीने चालतच नाही. तेथे पडताळणी खाणकामाने, म्हणजे संगणकांची ताकद खर्चून, होते आणि नाणी नुसती धरून बसणाऱ्याला जाळे काहीही देत नाही. मग तुमचे दरमहा दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८ टक्के, कोण देते? एक तर कोणी तुमची नाणी त्याहून महाग दराने उसनी घेते, आणि इतके महाग कर्ज घेणारा सहसा दुसरीकडे नकार पचवून आलेला असतो. नाही तर नव्या ग्राहकांच्या पैशांतून जुन्यांचे व्याज भागवले जाते. तिसरा प्रामाणिक मार्ग असल्यास कंपनीने तो आकड्यांसह लिहून द्यावा. मार्गदर्शकांनी दिलेले रंगीत माहितीपत्रक तुम्ही सोबत जोडले आहे. त्यात ‘सुरक्षित’ हा शब्द वारंवार येतो आणि उत्पन्नाचा स्रोत एकदाही येत नाही.

आता चार महिने थांबावे की मुदतीआधी बाहेर पडावे? अटींप्रमाणे आज बाहेर पडल्यास आजवरचे व्याज बुडते आणि मुद्दलावर ५ टक्के दंड बसतो. भाव स्थिर धरला, तर ४५ पैकी सुमारे ४३ हातात येतील. थांबलात आणि सर्व सुरळीत झाले, तर ५३ मिळतील. न झाल्यास शून्य, किंवा काही वर्षांनी थोडेफार. केवळ गणित म्हणाल, तर या चार महिन्यांत कंपनी बुडण्याची शक्यता पाचात एकाहून कमी आहे असे वाटत असेल, तरच थांबणे फायद्याचे. ताळेबंद दाखवत नसलेल्या आणि १८ टक्के देऊ करणाऱ्या कंपनीबद्दल तशी खात्री मी देणार नाही. शिवाय हे गणित ज्याला दहा वेळा खेळता येते त्याच्यासाठी आहे. ज्याची जवळजवळ निम्मी बचत एकाच डावावर आहे त्याने १० जास्त मिळतील म्हणून ४३ पणाला लावू नयेत. माझा सल्ला आजच रक्कम काढण्याची मागणी नोंदवण्याचा आहे.

ही मागणी म्हणजे एक परीक्षाही आहे. पैसे ठरलेल्या दिवसांत आले, तर दंड सोसून मोकळे व्हा. ‘आधी कर भरा’, ‘खाते पडताळणीसाठी तितकीच रक्कम जमा करा’, असे उत्तर आले, तर ती फसवणूक आहे असे समजा आणि एक पैसाही अधिक पाठवू नका. खरा दंड मुद्दलातून वळता करता येतो. त्यासाठी बाहेरून पैसे मागावे लागत नाहीत. अशा वेळी सर्व संदेश, पावत्या आणि व्यवहारांचे क्रमांक जपून पोलिसांकडे तक्रार करावी. त्यानंतर ‘बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारी मंडळी हमखास गाठतील. ती बहुधा दुसऱ्या फेरीचे लुटारू असतात.

दुसरी चूक त्या बारा शब्दांची आहे. बहुतेक वॉलेट २,०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडतात आणि वॉलेटमधील सर्व चाव्या त्या शब्दांपासूनच तयार होतात. बारा शब्दांचे संभाव्य जुळणीप्रकार मोजायचे झाल्यास ३९ अंकी संख्या होते, त्यामुळे ते अंदाजाने ओळखणे शक्य नाही. पण ज्याच्याकडे ते लिहिलेले आहेत त्याला अंदाज करण्याची गरजच नाही. तुमचा मोबाइल, त्याचा संकेतांक किंवा तुमच्या बोटाचा ठसा यांपैकी काहीही न घेता तो जगात कोठूनही ती नाणी हलवू शकतो. व्यवहार मागे घेण्याची सोय नाही आणि दाद मागण्यासाठी एखादे कार्यालयही नाही. मार्गदर्शक सज्जन असतीलही. त्यांची वही, त्यांचा मोबाइल आणि त्यांच्या घरी येणारी-जाणारी माणसे यांच्याही सज्जनपणावर मात्र तुमचे १० आज अवलंबून आहेत.

याच कारणाने त्यांचे ‘तयार’ हार्डवेअर वॉलेट घेऊ नये. विक्रेत्याने आधीच बसवलेले शब्द, किंवा खोक्यात छापून आलेले शब्दांचे कार्ड, ही जुनी आणि माहीत असलेली फसवणूक आहे: ग्राहक विश्वासाने पैसे भरतो आणि शब्द जाणणारा सवडीने ते काढून घेतो. कुलूप विकणाऱ्याने एक चावी स्वतःकडे ठेवलेली असेल, तर कुलूप कितीही भारी असले तरी उपयोग नाही. टपालाने आपोआप आलेल्या उपकरणावरही विश्वास ठेवू नका. लेजर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या लाखो ग्राहकांचे तपशील २०२० मध्ये फुटले, त्यांत अडीच लाखांहून अधिक लोकांचे घरचे पत्तेही होते, आणि पुढे काहींच्या घरी ‘बदली उपकरण’ म्हणून बनावट वॉलेट आले.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाकडे. उपकरण थेट निर्मात्याकडून मागवा. ते पहिल्यांदा सुरू करताना नवे शब्द उपकरणानेच तयार केले पाहिजेत आणि ते त्याच्याच पडद्यावर दिसले पाहिजेत. येथे नवखी माणसे एक घोडचूक करतात: नव्या उपकरणात जुने बारा शब्द भरतात. तसे केल्यास उपकरण नवे आणि चाव्या त्याच, मार्गदर्शकांच्या वहीतल्या, राहतात. नवे शब्द कागदावर हाताने, क्रमाने लिहा; त्यांचा फोटो काढू नका, ते ईमेलमध्ये किंवा क्लाउडवर ठेवू नका, संगणकावर टंकित करू नका. मग पैसे भरण्यापूर्वीच उपकरण पूर्ण पुसून त्या कागदावरून पुन्हा उभे करून पाहा. हा अर्ध्या तासाचा उपद्व्याप बहुतेक जण टाळतात, आणि कागदावरचा एक शब्द चुकल्याचे त्यांना उपकरण बिघडल्यावर कळते.

त्यानंतर मोबाइलमधील वॉलेटमधून आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, ती पोचल्याचे पाहा आणि मगच उरलेली पाठवा. पत्ता संगणकाच्या पडद्यावर न तपासता उपकरणाच्या पडद्यावर तपासावा, कारण कॉपी केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलणारे संगणक-विषाणू असतात. बिटकॉइनखेरीज इतर चलन असल्यास पाठवणारे आणि घेणारे जाळे एकच असल्याची खात्री करा. हे सर्व याच आठवड्यात करा. मार्गदर्शकांना आधी कळवण्याची गरज नाही.

एक्स्चेंजवरील ५ बाबत मी इतका कडक होणार नाही. एक्स्चेंज बुडतात: २०१४ मध्ये टोकियोचे माउंट गॉक्स सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गमावून बंद पडले, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स गेले. पण स्वतः चावी सांभाळणेही धोक्याविना नसते. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन एका कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये अडकले, कारण संकेतशब्द लिहिलेला कागद हरवला आणि दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर तो पेनड्राइव्ह कायमचा बंद होतो. महिन्याभराच्या खर्चाइतकी रक्कम नामांकित एक्स्चेंजवर राहिली तर मला चालेल. मात्र एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपची दुहेरी पडताळणी लावा, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे वळवून घेणे चोरांना जमते. अनेक चाव्यांचे वॉलेट, पंचविसावा गुप्त शब्द वगैरे प्रकारांच्या मागे सध्या लागू नका. तुमच्या रकमेला त्यांची गरज नाही, आणि नवख्याला चोराइतकेच त्याच्या स्वतःच्या गुंतागुंतीपासूनही भय असते.

दोन वर्षांत दुप्पट, याचा अर्थ दरसाल ४१ टक्के, सलग दोनदा. बिटकॉइनने असे परतावे दिलेले आहेत, आणि २०१७ च्या अखेरपासून वर्षभरात ८० टक्क्यांहून अधिक, तर नोव्हेंबर २०२१ पासून वर्षभरात तीन चतुर्थांशांहून अधिक पडझडही दाखवली आहे. तुमचे ६० तीन चतुर्थांशांनी घसरले, तर १५ उरतील, एकूण बचत ५५ वर येईल, आणि मूळ पातळीवर परतण्यासाठी उरलेल्याची चौपट व्हावी लागेल. त्याच काळात नोकरी गेली, तर बँकेतील १० अडीच महिने पुरतील आणि पुढे तळातल्या भावाला नाणी विकावी लागतील. म्हणून योजनेतून ४३ परत आले, तर पहिले १४ बँकेत टाकून सहा महिन्यांचा खर्च पूर्ण करा. उरलेले २९ कंटाळवाण्या, मुदत आणि परतावा ठाऊक असलेल्या साधनांत जाऊ द्या. क्रिप्टोत १० राहू द्या, सगळेच्या सगळे नव्या उपकरणात. एक्स्चेंजवरचे ५ विकून टाकलेत तर मला अधिक आवडेल, फक्त कराचा हिशेब विकण्यापूर्वी करून घ्या.

राहिली घरच्यांची बाब. शब्दांच्या कागदाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक शक्यतो आगीत टिकणाऱ्या धातूच्या पट्टीवर. या प्रतींपासून दूर, घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी ठेवा आणि ती तेथे असल्याचे घरच्या एका जबाबदार व्यक्तीला आजच सांगा. चिठ्ठीत शब्द लिहू नयेत. काय आहे, साधारण किती आहे, उपकरण कोठे आहे, प्रती कोठे आहेत आणि हे शब्द कोणीही, कोणत्याही कारणाने मागितले तरी द्यायचे नाहीत, एवढे लिहावे. मदतीसाठी एखाद्या विश्वासू नातेवाइकाचे नाव लिहिता येईल. मार्गदर्शकांचे लिहू नये.