कूलरपाशी गेलेली गादी परत आलीच नाही

ताई, पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षांचा संसार, आठ वर्षांची पोरगी, मानेवाड्याला फ्लॅट, आणि मे महिन्यात कूलरपाशी म्हणून मिस्टरांनी हॉलमध्ये नेलेली गादी थंडी पडली तरी आत आली नाही, त्याला आता अडीच वर्षं झाली. भांडण नाही, मारझोड नाही, खर्चाला पैसे वेळेवर, पण साधा हातही लागत नाही. सासूबाई म्हणतात "सगळं तर आहे, काहून रडून राहिली?" आणि तुम्ही विचारता की एवढ्यावर घटस्फोट मिळतो का, कोर्टात चारचौघांत हे बोलावं लागेल का.

तुमचं रडणं फालतू नाहीये. सुप्रीम कोर्टानं 2007 मध्ये समर घोष केसमध्ये सांगितलंय, शारीरिक अडचण नसताना, सबळ कारण नसताना एकानेच ठरवून बराच काळ संबंध नाकारले तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. म्हणजे सगळी केस कारणावर येऊन थांबते. आणि तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की तीन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली, मी तर तिथंच अडकलो. शुगरमुळे पुरुषांना संबंध ठेवायला शारीरिक अडचण येऊ शकते आणि लाजेपायी माणूस बायकोलाही सांगत नाही, गादी उचलून बाहेर जातो. तसं असेल तर ही क्रूरतेची केस नाही, डॉक्टरांचं काम आहे.

बहीण म्हणते तसं रागात बॅग भरून माहेरी जाऊ नका, उद्या तेच म्हणतील हीच सोडून गेली. मारझोड असती तर मी आजच निघा म्हटलं असतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 ची नांदायची केसही नको, कोर्ट सोबत राहा म्हणेल, माया कुठून आणून देणार?

कोर्टाची भीती मात्र काढून टाका, हिंदू विवाह कायद्यात ही सुनावणी बंद दाराआड होते आणि फॅमिली कोर्टात आधी समुपदेशकासमोर बसवतात. दोघांनाही सुटायचंच असेल तर संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, पण एकाच घरात नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर तेही धरलं जाऊ शकतं.

पोरगी झोपली की त्यांच्याशी बोला, सासूबाईंसमोर नको. आणि शुगरची पुढची तपासणी कधी आहे विचारा, यावेळी तुम्हीही सोबत जा.