‘साहेबांचा माणूस’ म्हणतात, काय करू?

प्रश्न : भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. डिप्लोमा होऊन चार वर्षं झाली. आमचे साहेब मला सीएमएम (सुट्या भागांची अचूक मापं घेणारं यंत्र) शिकवतात, कस्टमर ऑडिटला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीच्या तपासणीला, सोबत बसवतात. टीममध्ये आम्ही सात जण. हल्ली बाकीचे डबा खायला वेगळ्या टेबलावर बसतात, माघारी मला ‘साहेबांचा माणूस’ म्हणतात. साहेबांना नको म्हणून सांगू का?
— एक वाचक, दिघी

उत्तर : अजिबात नको! चार वर्षांत सीएमएमवर हात बसवून देणारा साहेब सगळ्यांना मिळत नाही.

कॅथी क्रॅम या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८०च्या दशकात वरिष्ठाच्या आधाराचे दोन भाग सांगितले. एक मनाचा : धीर, आपुलकी. दुसरा करिअरचा : अवघड काम सोपवणं, चुकलं तर पाठीशी उभं राहणं, वरच्यांच्या नजरेत आणणं. यातलं शेवटचंच तुला नडतंय. तुला पुढे केलं जातं ते बाकीच्या सहा जणांच्या देखत.

ही चूक मी स्वतः केली आहे, साहेबाच्या खुर्चीत बसून. एका चुणचुणीत पोराला सगळीकडे घेऊन फिरायचो. तो गावच्या जत्रेला गेला आणि इकडे थर्ड शिफ्टला सीएमएमचा प्रोब, म्हणजे भागाला टेकवून माप घेणारं टोक, बदलायची वेळ आली. नव्या प्रोबचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर यावं म्हणून करायची जुळणी, कोणाला येईना. एका जुन्या माणसावर मी चिडलो, ‘अहो, रोज शेजारीच तर असता!’ तो शांतपणे म्हणाला, ‘बघायला बोलावलं कधी होतंत?’ लॉट सकाळपर्यंत तसाच पडून राहिला.

तेव्हा साहेबांना एवढंच विचार, पुढच्या ऑडिटपासून आणखी एकाला पाळीपाळीनं बसवूया का? बहुतेक ‘हो’ म्हणतील; त्यांच्या लक्षातच आलं नसेल.

तुमच्याकडे भिंतीवर स्किल मॅट्रिक्स असेलच : कोणाला कुठलं काम किती येतं ते चार भागांच्या गोलांनी दाखवणारा तक्ता. गोलाचे तीन भाग भरले म्हणजे काम एकट्याला जमतं. चौथा भरतो, दुसऱ्याला शिकवता आलं की. (ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सगळेच गोल भरतात, ते सोड.) तू तो खरोखर भर. सगळ्यात जास्त कुरकुरणारा जो असेल, त्याला मास्टर बॉलवर (कॅलिब्रेशनसाठीचा ठरलेल्या मापाचा गोळा) प्रोब स्वतःच्या हातानं घेऊ दे. तू शेजारी उभा राहा, हात खिशात घालून.

आणि उद्यापासून डबा त्यांच्याच टेबलावर उघड. बोलावण्याची वाट बघू नकोस.