वाचकांचे प्रश्न : चहा आणि चहाची भांडी

प्रश्न : चांगल्या प्रतीचा सेंचा (जपानी हिरवा चहा) आणला, तरी दर वेळी कडूच होतो. काय चुकतं?

उत्तर : बहुधा पाणी. उकळत्या पाण्यात पत्तीतली कॅटेचिन आणि कॅफीन ही द्रव्यं भराभर उतरतात, कडू-तुरटपणा त्यांचाच. चवीला गोडसर भरीवपणा देणारं थिअनीन मात्र कमी तापमानालाही सुटतं. म्हणून पाणी ७० ते ८० अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओता. दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात. १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम पत्ती, १ मिनिट. मग किटली अगदी शेवटच्या थेंबापर्यंत निथळून घ्या. तळाशी पाणी राहिलं की पत्ती त्यात मुरत राहते आणि त्याच पत्तीचा दुसरा चहा तिथेच बिघडतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या वेळी पानं उलगडलेली असतात, तेव्हा १५-२० सेकंद पुरे.

प्रश्न : चीनमधल्या यीशिंगची मातीची किटली साबणाने धुवावी का?

उत्तर : अजिबात नको. तिला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नसतं, सच्छिद्र माती साबणाचा वास धरून ठेवते. गरम पाण्याने विसळा आणि झाकण बाजूला ठेवून पूर्ण वाळवा. ओली असताना झाकली तर कुबट वास येतो. आणि ही माती चहाचाही वास धरते, म्हणून तिच्यात ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) करत असाल, तर ऊलाँगच करा.